बसायला आलेल्या बाया

दिवाळीनंतर जुने प्राचार्य निवृत्त झाले आणि सेवाज्येष्ठतेनं त्यांची खुर्ची प्रभारी म्हणून मंजुषा खंदारेकडे आली. सेनगाव तालुक्यातलं, पुसेगावच्या रस्त्याला लागून असलेलं ते कॉलेज. नाव राहू द्या. नावानं काही अडत नाही. मंजुषानं तिथं भूगोल शिकवण्यात ऐन उमेदीची वर्षं घातली होती. खुर्ची आली त्या दिवशी पेढे वाटले, हार घातले, फोटो काढले, आणि चौथ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिला तिथं पहिल्यांदा एकटीनं जेवावं लागलं.

तसं ती पहिल्या दिवशी डबा घेऊन नेहमीसारखी लेडीज रूमकडे गेली होती. व्हरांड्याच्या टोकाला, ग्रंथालयाच्या मागची ती खोली. खिडकीला जुन्या साडीचा पडदा, मधोमध एक हलणारं टेबल, आणि त्या टेबलाभोवती इतिहासाची संगिता, कॉमर्सची ज्योती आणि नुकतीच लागलेली शीतल. मंजुषाच्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीवर तिघींचाही डोळा असायचा. संगिता तर झाकण उघडायच्या आत चमचा पुढं करायची. त्या दिवशी मंजुषा दारात दिसली आणि तिघी ताडकन उठून उभ्या राहिल्या.

"बसा ना मॅडम," संगिता म्हणाली. कालपर्यंत हीच संगिता तिला मंजू म्हणत होती.

मंजुषा बसली. कोणी चटणी मागितली नाही. चाललेली गोष्ट अर्ध्यावर राहिली. शीतलनं घाईघाईनं डबा झाकला आणि तास आहे म्हणून निघून गेली, तो तास नव्हता हे मंजुषाला वेळापत्रकावरून चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. मग तिनं जाणं सोडलं. भांडण झालेलं माणूस एक ना एक दिवस परत येतं. मान देऊन लांब गेलेलं माणूस कसं परत आणायचं, हे कोणी सांगून ठेवलेलं नाही. त्या तिघींच्या मनात काही वाईट नव्हतं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावल्याशिवाय जायचं नसतं, एवढंच त्यांना माहीत होतं, आणि बाई प्राचार्य झाली म्हणून ते बदलायचं असतं, हे त्यांना कधी कोणी सांगितलं नव्हतं.

केबिनच्या भिंतीवर माजी प्राचार्यांचे फोटो होते. सगळे पुरुष, सगळ्यांची नजर जेवणाऱ्या माणसाच्या ताटात. मंजुषा त्यांच्याकडे पाठ करून जेवायची.

तिचा बाप जळबा डोंगरकड्याचा. आयुष्यभर दुसऱ्याच्या केळीच्या बागांत घड तोडले, खांद्यावरून गाडीपर्यंत वाहिले. शर्टावरचे केळीच्या चिकाचे डाग कधी निघाले नाहीत, त्यामुळं त्याचे सगळे शर्ट सारखेच दिसत. लेक पीएचडी झाली तेव्हा त्याला नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं. प्राचार्य झाली ते मात्र बराबर कळलं. एक दिवस केळीची फणी घेऊन तो एसटीनं कॉलेजात आला, आणि केबिनच्या दाराशी येऊन उभाच राहिला. थावरा शिपायानं दोनदा सांगितलं, आत जा. हा हलेना. शेवटी मंजुषानं मान वर केली तेव्हा तिला दिसला.

"बा, आत ये ना. तिथं काहून उभा राहिलास?"

"सायबाची खोली हाय ती. बोलावल्याबगर कसं यावं?"

ती हसली, उठून त्याला हाताला धरून आत घेऊन आली आणि आपल्या खुर्चीत बसवायला लागली. तो बसला नाही. खुर्चीच्या पाठीवरून हात मात्र फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. जाताना म्हणाला, "आता ही सोडू नको." एवढंच.

आणि सोडायचीच वेळ आली होती.

त्या कॉलेजात एक रीत होती. ज्येष्ठतेनं एखाद्या बाईची पाळी आली की संस्थेचे सचिव तातेराव अण्णा तिच्याकडे जायचे, चहा घ्यायचे, लेकराबाळांची चौकशी करायचे आणि फार प्रेमानं तिच्याकडून दोन ओळी लिहून घ्यायचे. घरगुती अडचणीमुळे मी हे पद स्वीकारू इच्छित नाही, एवढाच मजकूर. पुढच्या कार्यक्रमात त्या बाईला व्यासपीठावर बसवून शाल-श्रीफळ द्यायचे. बाकी जगात लोकांचा सत्कार काही केल्याबद्दल होतो. इथं न केल्याबद्दल व्हायचा, आणि टाळ्या तेवढ्याच वाजायच्या. मंजुषाच्या आधी तिघींना शाल मिळाली होती. दोघी पुढं बदलून गेल्या. तिसऱ्या शालूबाई. मराठीच्या, नरसीच्या, आता निवृत्त.

मंजुषाच्या वेळी ही रीत चुकली, कारण कार्यभार आला तेव्हा अण्णा दवाखान्यात होते. बरे होऊन आले आणि चूक दुरुस्त करायला लागले. अण्णा काही खलनायक नव्हते. कधी आवाज चढवला नाही, जातीचा शब्द चुकूनही तोंडातून काढला नाही. गोड बोलायचे, आणि त्या गोडीलाच उत्तर नव्हतं.

"बाई, तुमची तकलीफ आमाला पाहवून न्हाई राहिली," ते म्हणायचे. "हिंगोलीहून रोज येणं-जाणं. घरी सासूबाई आजारी, लेकरं शाळेत. बालाजी सर हायेतच की तुमच्या खालोखाल. त्यायला वेळच वेळ हाय. तुमी दोन ओळी द्या, मोकळ्या व्हा."

बालाजी सर तेव्हा बाजूलाच बसलेले असायचे, खाली बघत, जसं काही लग्नाची बोलणी चालू आहेत आणि हे नवरदेव आहेत.

अण्णा नसायचे तेव्हा ऑफिस होतं. विद्यापीठाचं पत्र चार दिवस टेबलाखाली सापडायचं नाही आणि मुदत संपली की सापडायचं. बैठकीची वेळ बदलायची ती सगळ्यांना कळायची, प्राचार्य सोडून. एकेक गोष्ट इतकी बारीक की तक्रार करावी तर आपल्यालाच लाज वाटावी. कुणाला सांगायचं? लेडीज रूमचं दार तिला दिसायचं. व्हरांड्याच्या त्या टोकाला तर होतं. पण प्राचार्यांनी तिथं जाऊन रडायचं नसतं, हे आता तिलाही कळायला लागलं होतं.

नवरा रत्नपाल जिल्हा परिषदेत. माणूस भला. रात्री भांडी घासून ठेवायचा, मग तिच्याजवळ येऊन बसायचा.

"काहून जीव जाळून राहिलीस?" एक दिवस तो म्हणाला. "सोडायची असंल तर सोड. आपलं काही अडलं न्हाई."

त्याचं खरं होतं. काही अडलं नव्हतं. तिला फक्त बापाचा तो खुर्चीवरून फिरलेला हात आठवायचा, आणि मग झोप यायची नाही. पण माणूस किती दिवस न झोपता काढणार? सोमवारी संस्थेची बैठक होती. त्या दिवशी दोन ओळी लिहून द्यायच्या, असं तिनं ठरवून टाकलं. अण्णांना फोनवर तसं सांगितलंही. अण्णा इतके खूश झाले की त्यांनी तिच्या सासूची तब्येत दोनदा विचारली.

आणि त्याच आठवड्यात शालूबाईंचे मालक गेले.

निरोप घेऊन संगिता आली. केबिनच्या दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, शालूबाई मॅडमचे मालक वारले. काल माती झाली. आमी उद्या बसायला चाललोत. तुमी..." आणि थांबली. प्राचार्यांना चला म्हणावं की म्हणू नये, हे तिचं तिला ठरेना.

"मी पण येते," मंजुषा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चौघी एकाच जीपमध्ये बसून नरसीला गेल्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी हळद शिजत होती. हळदीच्या कढयांचा वास जीपमध्ये भरला होता. मंजुषाच्या मांडीवर डबा होता. सकाळीच तिनं ज्वारीच्या भाकरी थापल्या होत्या आणि पिठलं केलं होतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, बाहेरून येतं तेच खायचं, हे डोंगरकड्याच्या तिच्या वस्तीतही तसंच होतं.

शालूबाईंचं घर मोठं, जमीनदाराचं. अंगणात शिजवलेली हळद वाळत पडलेली, तिच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. आतल्या खोलीत भिंतीला टेकून शालूबाई बसल्या होत्या. कपाळ मोकळं. आणि सतरंजीवर बायाच बाया. मंजुषानं पाहिलं तर निम्म्या ओळखीच्या: कळमनुरीच्या कॉलेजच्या एक, वसमतच्या दोघी, हिंगोलीच्या ग्रंथपाल बाई, औंढ्याच्या उपप्राचार्य. शालूबाईंनी जन्मभर कुणाकुणाला पेपर तपासायला, शिबिरांना, परीक्षांना सोबत केली होती, त्या सगळ्या आल्या होत्या. एरवी जिल्ह्यातल्या एवढ्या शिकवणाऱ्या बाया एका खोलीत बसल्याचं मंजुषानं कधी पाहिलं नव्हतं. बैठकांना त्या एकेकट्या यायच्या, मागच्या खुर्चीत बसायच्या आणि गाडी चुकेल म्हणून लवकर निघायच्या.

मंजुषानं डबा पुढं ठेवला. शालूबाईंच्या थोरल्या जाऊबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मंजुषाकडे पाहिलं. खंदारे आडनाव त्यांना ठाऊक होतं. हात पुढं झाला नाही.

"ठेवा तिकडं बाजूला. खातीन मागून," त्या म्हणाल्या.

शालूबाईंनी डबा आपल्याकडे ओढला. झाकण काढलं, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि तोंडात घातला. माती झाल्यापासून त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. सगळ्या बाया बघत होत्या. जाऊबाई पदर सारखा करत उठून आत गेल्या. शालूबाई सावकाश अर्धी भाकरी जेवल्या, बाकीचं जवळच्या ताटात काढून ठेवलं.

मग सगळ्या बसून राहिल्या. अशा घरात बोलायचं नसतंच, बसायचं असतं. आलेल्यानं बसावं, आणि पुरेसं बसून झालं की उठून जावं. दुःखाच्या घरातून निघताना ‘येते’ असंही म्हणत नाहीत.

"सोमवारी बैठक आहे ना तुमची?" शालूबाईंनी अचानक विचारलं. त्यांना कुठून कळलं होतं कोण जाणे. असल्या गोष्टी पिकलेल्या सीताफळाच्या वासासारख्या बंद दारातून बाहेर येतात.

"व्हय मॅडम."

"लिहून देणार?"

मंजुषानं संगिताकडे पाहिलं नाही. खाली सतरंजीकडे बघत म्हणाली, "देणार."

संगितानं चमकून वर पाहिलं. ही गोष्ट तिला माहीतच नव्हती. लेडीज रूममध्ये कोणालाच नव्हती.

शालूबाई भिंतीला टेकल्या. मग त्या हळू आवाजात बोलायला लागल्या, आणि खोलीतल्या सगळ्या बाया पुढं सरकल्या.

"माझ्या वेळी चौघं होते समोर. अण्णा होते, त्यांचे मोठे बंधू होते, आणखी दोघं. चहा आला, बिस्कीट आलं. मला म्हणाले, लिहा. माझं मन नव्हतं. मला पाहिजे होती ती खुर्ची. मी पेन हातात धरून किती वेळ बसले. केबिनचं दार उघडं होतं, समोर व्हरांडा, त्याच्या टोकाला आपली लेडीज रूम. तुम्ही सगळ्या दारात उभ्या होत्या. दिसत होत्या मला. तू पण होतीस मंजुषा, नवीन लागली होतीस तेव्हा. मी वाट पाहत होते, एखादी येईल. काही बोलायचं नव्हतं तिनं. माझ्या बाजूनं भांडायचं नव्हतं. नुसतं आत येऊन त्या बाकावर बसायचं होतं. एक जरी बसली असती, तर मी नाही म्हणाले असते."

मंजुषाचा चेहरा उतरला होता. तिला तो दिवस आठवला. हातात डबा होता, आणि ती खरंच दारात उभी होती.

"मॅडम," ती म्हणाली, "आमाला कोणी बोलावलं न्हाई ना."

शालूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. कळमनुरीपासून वसमतपर्यंतच्या बाया, एसटीनं, जीपनं, कुणाच्या गाडीवर मागं बसून आलेल्या.

"आज इथं कोणी बोलावलं होतं?" त्यांनी विचारलं.

लग्नाला पत्रिका लागते, बारशाला सांगावं लागतं. बसायला जायला बोलावणं लागत नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला आईच्या मांडीवर कळलेलं होतं. ते केबिनलाही लागू आहे, एवढंच कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. प्राचार्यपद म्हणजे सुख, असं धरून सगळ्या बोलावण्याची वाट पाहत राहिल्या होत्या. आत बसलेली बाई दुःखात असू शकते, हे कळायला मयताच्या घरात यावं लागलं.

परतताना पुसेगाव फाट्याजवळ संगितानं मंजुषाच्या मांडीवरचा रिकामा डबा उचलून स्वतःच्या पिशवीत ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी घासून, त्यात तिळाची चटणी भरून परत आणला.

सोमवार आला.

तातेराव अण्णा वेळेवर आले. बालाजी सर होते, संस्थेचे दोन सभासद होते. ऑफिसनं मजकूर टाइप करूनच ठेवला होता. मॅडमना हातानं लिहायची तकलीफ कशाला? कागद समोर, वर पेन. थावरानं चहा आणला. अण्णांनी सासूबाईंची चौकशी केली. मंजुषानं पेन उचललं. नरसीहून आल्यापासून ती रोज ठरवत होती आणि रोज मोडत होती. शालूबाई बोलल्या ते खरं, पण बोलून झाल्यावर ज्याची त्याची लढाई ज्याला त्यालाच लढावी लागते, असंच तिला वाटत होतं. व्हरांड्याकडे तिनं मुद्दाम पाहिलं नाही. रिकामा दिसला असता तर ते तिला सोसलं नसतं.

दारात चपलांचा आवाज आला. संगिता आत आली आणि भिंतीला लागून असलेल्या बाकावर जाऊन बसली.

अण्णांनी मान वळवली. "काय काम होतं बाई?"

"काम न्हाई अण्णा. बसायला आले."

तिनं हात मांडीवर घट्ट धरले होते. पाठोपाठ ज्योती आली. मग शीतल, तिची नोकरी अजून कायम व्हायची होती, ती सगळ्यात जास्त घाबरलेली, पण बसली. अण्णा काही बोलणार एवढ्यात बाहेर एक जीप थांबली. कळमनुरीच्या बाई, औंढ्याच्या उपप्राचार्य, हिंगोलीच्या ग्रंथपाल. बाकावर जागा उरली नाही तशा दोघी भिंतीला टेकून खालीच बसल्या. डोक्यावर पदर, खाली नजर.

"ही काय मिटिंग आहे काय तुमची?" एका सभासदानं विचारलं.

कोणी उत्तर दिलं नाही. काय उत्तर देणार? घोषणा असत्या तर त्यांना तोंड देता आलं असतं, निवेदन असतं तर घेऊन ठेवता आलं असतं. नुसत्या बसलेल्या बायांना काय म्हणायचं हे अण्णांनाही कळेना. ते जन्मानं त्याच भागातले. बाया अशा कुठं बसतात, कधी बसतात, हे त्यांनी आपल्या घरात पाहिलेलं होतं. त्यांनी एकदा त्या ओळीकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या कागदाकडे, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

मंजुषानं पेन खाली ठेवलं.

"अण्णा, मी हे देणार न्हाई," ती म्हणाली. "घरी अडचणी हायेत, त्या माझ्या हायेत. त्या माझ्या मी पाहून घेईन."

अण्णांनी चहा संपवला. उठताना कागद घडी करून खिशात घातला आणि कोणाकडे न बघता म्हणाले, "बरं." बालाजी सर त्यांच्या मागून गेले.

ते गेल्यावर बायाही उठल्या. एकेक करून. जाताना कोणी ‘येते’ म्हणालं नाही. शेवटी संगिता राहिली. दारापर्यंत गेली आणि मागं वळून म्हणाली, "मंजू, चटणी आणलीस का आज?"

यानं फार मोठं काही झालं असं कोणी समजू नये. मंजुषा अजून प्रभारीच आहे. विद्यापीठाची पत्रं अजूनही टेबलाखाली हरवतात. शीतलच्या कायम होण्याचा विषय पुढच्या बैठकीत निघालाच नाही, आणि तो का निघाला नाही ते सगळ्यांना कळतं. फक्त जिल्ह्यात कुठं एखाद्या बाईला विभागप्रमुख केलं, कार्यभार दिला, चौकशी समितीपुढं उभं केलं की कोणाचं बोलावणं नसताना दोघी-तिघी जाऊन बसतात. त्याला नाव नाही, पावती नाही, अध्यक्ष नाही.

त्या सोमवारनंतर आलेल्या तेराव्याला मंजुषा पुन्हा नरसीला गेली. पंगती उठल्या होत्या. शालूबाई त्याच भिंतीला टेकून होत्या. इतक्या दिवसांत त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, म्हणून भावकीतल्या बाया आपसांत कुजबुजत होत्या. मंजुषा जवळ जाऊन बसली.

"कोण कोण आलं?" शालूबाईंनी विचारलं.

मंजुषानं एकेक नाव सांगितलं. आधी संगिता आली. मग ज्योती. मग शीतल. कोण बाकावर बसलं, कोण खाली बसलं, तेही सांगितलं.

"संगिता आधी आली?"

"व्हय."

"माझ्या वेळी ती दारात सगळ्यात पुढं होती," शालूबाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं, ही येईल."

आणि त्या रडायला लागल्या. आधी आवाज न करता, मग खांदे हलायला लागले, मग मंजुषाच्या मांडीत डोकं घालून मोकळ्या रडल्या. जाऊबाई आतून धावत आल्या. "रडू द्या, रडू द्या त्यांना," त्या बाकीच्या बायांना म्हणाल्या. "इतक्या दिवसांचं धरून ठेवलेलं हाय." नवऱ्याच्या आठवणीनं रडू आलं असं सगळ्यांना वाटलं, आणि मंजुषानं कोणाला काही सांगितलं नाही. शालूबाई शांत होईपर्यंत ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग उठली, आणि काही न बोलता निघाली.